व्हिजिटेशन संघ : दुबळ्यांसाठी उघडलेले दार

६ जून १६१० हा पवित्र त्रैक्याच्या सणाचा रविवार होता. त्या दिवशी संध्याकाळी आन्सी गावात, तलावाजवळच्या एका छोट्या घरात तीन स्त्रिया कायमच्या राहायला आल्या. आन्सी आज फ्रान्समध्ये आहे. तेव्हा ते सव्हॉयच्या स्वतंत्र सरदारी राज्यात होते. तिघींपैकी एक अडतीस वर्षांची विधवा होती आणि तिला मुले होती. दुसरी बर्गंडीतल्या सरदार घराण्यातली, तर तिसरी एका नामांकित न्यायाधीशाची कन्या. त्यांची सेवा करण्यासाठी आणि बाहेरची कामे पाहण्यासाठी चौथीही आली. ती जिनिव्हातल्या एका खाणावळीत राबलेली साधी मोलकरीण होती. त्यांना आशीर्वाद देऊन नियमांचे थोडक्यात टिपण हाती ठेवणारे बिशप म्हणजे फ्रान्सिस द सेल्स.

संस्थेचा इतिहास लिहिताना शाखा, इमारती आणि वर्धापनदिन मोजण्याची आपली रीत आहे. व्हिजिटेशन संघाचा इतिहास मात्र प्रवेशाच्या अटीपासून सांगायला हवा, कारण बिशप फ्रान्सिस यांचे वेगळेपण त्या अटीतच आहे. त्या काळी धर्मभगिनी व्हायचे तर शरीर दणकट लागे. जाडेभरडे कपडे, अनवाणी चालणे, मध्यरात्री उठून प्रार्थना आणि महिनोन्‌महिने उपवास हे सारे झेपणारीलाच कॉन्व्हेंटचे दार उघडे असे. विधवा, वयस्क, आजारी आणि शरीराने अधू असलेल्या स्त्रियांना मनात कितीही ओढ असली तरी बाहेरच थांबावे लागे. फ्रान्सिस यांनी नेमक्या याच स्त्रियांसाठी संघ काढला.

वकिली सोडून धर्मसेवेकडे

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सव्हॉयमधील तोरां येथे, सेल्स घराण्याच्या गढीत झाला. थोरल्या मुलाने कायदा शिकून राज्याच्या न्यायसभेत मानाची जागा मिळवावी, अशी वडिलांची इच्छा होती. त्याप्रमाणे पॅरिसला जेझुइटांच्या क्लेरमों विद्यालयात आणि पुढे इटलीत पादुआ विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १५९१ मध्ये ते कायद्याचे डॉक्टर झाले.

पॅरिसमध्ये विद्यार्थी असताना एका भयाने त्यांना ग्रासले होते. देवाने काहींना तारणासाठी आणि काहींना नाशासाठी आधीच निवडून ठेवले आहे, या वादाची तेव्हा युरोपभर चर्चा होती. आपण दुसऱ्या गटात असू तर, या विचाराने कोवळ्या वयाच्या फ्रान्सिसची झोप उडाली आणि अन्न तुटले. अखेर एका चर्चमध्ये पवित्र मारियेच्या मूर्तीपुढे त्यांनी निश्चय केला: पुढे काय होईल ते होवो, निदान या जन्मात तरी देवावर प्रेम करायचे. त्या क्षणी भय ओसरले. पुढे त्यांनी जे काही उभे केले त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे. ज्याने भयाची धग सोसली, त्याने इतरांना धर्माच्या वाटेवर नेताना भीतीचा चाबूक कधी हाती घेतला नाही.

१८ डिसेंबर १५९३ रोजी ते धर्मगुरू झाले. पुढच्याच वर्षी ते शाब्ले प्रांतात गेले. तिथली प्रजा कॅल्व्हिनपंथी झाली होती आणि कॅथलिक धर्मगुरूचे प्रवचन ऐकायला कोणी येत नसे. फ्रान्सिस यांनी प्रवचने कागदावर उतरवली आणि ती पत्रके घराघरांच्या दारांखालून सरकवली. पुढे १९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यांना पत्रकार आणि लेखकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

८ डिसेंबर १६०२ रोजी तोरांच्या चर्चमध्ये त्यांचा बिशप म्हणून दीक्षाविधी झाला. पद जिनिव्हाच्या बिशपांचे, पण जिनिव्हा शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात असल्याने मुक्काम आन्सीला. स्वतःच्या कॅथीड्रलमध्ये पाऊल ठेवता न येणारा हा बिशप घोड्यावरून आणि पायी डोंगराळ धर्मप्रांतातल्या गावोगावी फिरला. मुलांना तो स्वतः धर्मशिक्षण देई आणि पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला उत्तर पाठवी.

दिजों येथील भेट

१६०४ च्या उपवासकाळात बर्गंडीची राजधानी दिजों येथे प्रवचने देण्यासाठी फ्रान्सिस यांना बोलावणे आले. श्रोत्यांमध्ये जेन द शांताल होत्या; सुरुवातीला उल्लेखलेली विधवा ती हीच. त्यांचा जन्म जानेवारी १५७२ चा. वडील बेनीन फ्रेमियो हे बर्गंडीच्या न्यायसभेचे अध्यक्ष होते. आई तान्हेपणीच गेली. विसाव्या वर्षी बॅरन क्रिस्तोफ द शांताल यांच्याशी लग्न झाले आणि संसार सुखाचा होता. १६०१ मध्ये शिकारीत एका स्नेह्याच्या बंदुकीची गोळी चुकून लागून क्रिस्तोफ गेले. मरताना त्यांनी त्या स्नेह्याला क्षमा केली. जेन यांना ते जमायला फार काळ लागला. अखेर त्यांनी क्षमा केली आणि पुढे त्या गृहस्थाच्या बाळाची धर्ममाताही झाल्या.

पदरी चार मुले होती. तापट सासऱ्यांच्या घरी राहावे लागले आणि तिथे घरावर सत्ता एका कारभारणीची. अपमान गिळत जेन यांनी तिथे वर्षे काढली, गावातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि मुले वाढवली. धर्मजीवनाची ओढ अनावर होती. तरी फ्रान्सिस यांनी त्यांना सहा वर्षे थांबवले. मुलांची सोय लागेपर्यंत आई हेच त्यांचे व्रत, असे त्यांचे मत होते. पुढे थोरली मुलगी फ्रान्सिस यांच्या धाकट्या भावाला दिली, मुलगा आजोबांकडे शिक्षणासाठी राहिला आणि धाकट्या मुलीला जेन आपल्यासोबत घेऊन निघाल्या.

निरोपाच्या दिवशी मुलगा दारात आडवा पडला. डोळे पुशीत आई त्याला ओलांडून गेली. हा प्रसंग आजही वाचकांना अस्वस्थ करतो आणि तो तसा करावा. मात्र पुढची तीस वर्षे जेन यांनी मुलांची लग्ने, मालमत्ता आणि कर्जे यांत लक्ष घातले, त्यांना शेकडो पत्रे लिहिली. त्या मुलाची कन्या म्हणजे फ्रेंच वाङ्मयात पत्रलेखनासाठी अजरामर झालेली मादाम द सेव्हिन्ये.

पहिले घर

जेन यांच्या पहिल्या दोन सोबतिणी म्हणजे शार्लोत द ब्रेशार आणि झाकलीन फाव्र. झाकलीनचे वडील आंत्वान फाव्र हे फ्रान्सिस यांचे जिवलग मित्र होते. दोघांनी मिळून आन्सीत फ्लोरिमोंतान अकादमी ही विद्वानांची सभा स्थापन केली होती. चौथी ती मोलकरीण, आन-झाकलीन कोस्त. फ्रान्सिस धर्मकार्यासाठी जिनिव्हात गेले असता तिची त्यांच्याशी ओळख झाली होती.

घराला ‘गॅलरी’ म्हणत. तिथला दिनक्रम फ्रान्सिस यांनी आखला. कडक उपवास आणि अंगाला क्लेश देणारी तपे बाजूला ठेवली. पुरेशी झोप आणि साधे, पोटभर जेवण ठरले. जेवणानंतर सर्वांनी एकत्र बसून मोकळेपणाने गप्पा मारण्याची वेळ नियमातच घातली. प्रार्थनेसाठी मारियेची छोटी प्रार्थनामाला निवडली, म्हणजे प्रकृतीने नाजूक असणारीलाही ती झेपावी. मग तपश्चर्या कुठे उरली? ती एकमेकींशी वागण्यात होती. रागाला आवर घालणे, दुसरीचे दोष सोसणे, मोठेपणा न मिरवणे, सांगितलेले काम आनंदाने करणे ही या घराची कसोटी होती. स्वतःचे म्हणून काही ठेवायचे नाही, हा नियम इतका काटेकोर की खोली, जपमाळ आणि क्रूससुद्धा दरवर्षी अदलाबदल करून घ्यायचे. उपवासापेक्षा हे सोपे वाटते. चार माणसांच्या घरात राहिलेल्या कोणालाही ते किती कठीण आहे हे कळेल.

वर्षभराच्या नवदीक्षेनंतर, ६ जून १६११ रोजी, तिघींनी व्रते घेतली. १६१२ च्या सुरुवातीपासून भगिनी पाळीपाळीने जोडीने आन्सीच्या गल्ल्यांतून गरीब आजाऱ्यांकडे जाऊ लागल्या. जखमा धुवायच्या, अंथरुणे बदलायची, मरणाऱ्याजवळ बसायचे. संघाला नाव दिले होते मारियेच्या भेटीचे. देवदूताचा निरोप मिळाल्यावर गरोदर अलीशिबेच्या मदतीसाठी डोंगरवाट तुडवत जाणारी मारिया हा या भगिनींचा आदर्श होता.

फ्रान्सिस घराच्या बागेत भगिनींमध्ये बसत. त्या विचारीत आणि ते उत्तरे देत. ऐकलेले सारे भगिनी आठवून लिहून ठेवीत. जेन यांनी ते जतन केले म्हणून पुढे त्याचा ग्रंथ झाला. १६११ च्या जूनमध्ये फ्रान्सिस यांनी जेन यांना पत्रातून संघाचे बोधचिन्ह सुचवले: दोन बाणांनी विद्ध झालेले हृदय, त्याभोवती काट्यांचा मुकुट आणि वर क्रूस.

लियों येथील पेच

१६१५ मध्ये लियों शहरात संघाचे दुसरे घर उघडले आणि तिथेच संघाच्या इतिहासातला सर्वात मोठा पेच उभा राहिला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर चर्चने धर्मभगिनींसाठी बंदिस्त कॉन्व्हेंटचा नियम कडक केला होता. साधी व्रते घेऊन रस्त्यावर फिरणाऱ्या भगिनी लियोंचे आर्चबिशप देनी-सिमों द मार्कमों यांना मान्य नव्हत्या. सरदार घराण्यांनाही एक व्यवहारी धास्ती होती. साधी व्रते मोडता येत. मुलगी उद्या घरी परतली आणि तिने वारसा मागितला तर? घराघरांतल्या वाटण्या अधांतरी राहिल्या असत्या.

फ्रान्सिस यांनी पत्रांतून आपली बाजू मांडली. मग त्यांनी माघार घेतली. १६१८ मध्ये पोप पाचवे पॉल यांच्या आज्ञेने व्हिजिटेशन हा संत ऑगस्टीन यांच्या नियमाखालचा बंदिस्त संघ झाला. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणे थांबले.

या माघारीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. काहींना ती दुर्बलता वाटते. पण फ्रान्सिस यांनी काय सोडले आणि काय सोडले नाही हे शेजारी शेजारी मांडून पाहावे. घरोघरच्या भेटी गेल्या. विधवा, वयस्क आणि अशक्त स्त्रियांना प्रवेश हे कलम राहिले. मारियेची छोटी प्रार्थनामाला राहिली. संसारी स्त्रियांना काही दिवस आत येऊन प्रार्थनेत राहण्याची मुभाही राहिली. बिशपांनी बाहेर जाणारी वाट गमावली, पण आत येणारे दार बंद होऊ दिले नाही. प्रवेशाच्या अटीवर त्यांनी तडजोड केली नाही, आणि संघाचा प्राण तिथेच होता.

याच काळात, १६१६ मध्ये, देवाच्या प्रेमावरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भगिनींशी झालेल्या संवादांतून तो वाढला होता. मराठी वाचकाला हे वर्ष ओळखीचे आहे. त्याच वर्षी गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रथम छापले गेले. सामान्य माणसाला त्याच्या बोलीत, गोडव्याने धर्म सांगावा, ही दोघांचीही तळमळ होती.

संस्थापकांचे निधन आणि मदर शांताल यांचा कार्यकाळ

मूलां, ग्रनोबल, बूर्ज आणि पॅरिस अशी घरे एकामागून एक उघडत गेली. डिसेंबर १६२२ मध्ये राजदरबाराच्या प्रवासानिमित्त फ्रान्सिस लियोंला आले. मानाच्या निवासस्थानांची आमंत्रणे नाकारून ते व्हिजिटेशनच्या आवारातल्या माळ्याच्या खोलीत उतरले. तिथे त्यांची आणि जेन यांची तीन वर्षांहून अधिक काळानंतर भेट झाली. स्वतःच्या अंतर्यामाबद्दल जेन यांना पुष्कळ बोलायचे होते. फ्रान्सिस यांनी त्या भेटीत आधी संघाची कामे काढली. आपल्याविषयी पुढे आन्सीत बोलू, असे ठरले. तशी भेट पुन्हा झाली नाही. २८ डिसेंबर १६२२ रोजी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्याच खोलीत त्यांचे निधन झाले. तेव्हा संघाची १३ घरे होती.

पुढची एकोणीस वर्षे मदर शांताल यांची. घोड्यावरून आणि पालखीतून खडतर प्रवास करीत त्यांनी घरे पाहिली, नवी उभारली, भांडणे मिटवली आणि कर्जे फेडली. आन्सीत प्लेगची साथ आली तेव्हा सुरक्षित जागी जाण्याचा आग्रह झाला. त्या हलल्या नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये होते ते सारे त्यांनी रुग्णांसाठी खुले केले. या काळात त्यांचा मुलगा युद्धात पडला आणि पहिल्या सोबतिणी एकेक करून गेल्या. प्रार्थनेत अनेक वर्षे त्यांना केवळ कोरडेपणा आणि शंका जाणवत होत्या. तरी इतरांना धीर देणारी त्यांची पत्रे थांबली नाहीत. १३ डिसेंबर १६४१ रोजी मूलां येथे त्यांचे निधन झाले तेव्हा संघाची ऐंशीहून अधिक घरे झाली होती. १६६५ मध्ये फ्रान्सिस यांना आणि १७६७ मध्ये जेन यांना संतपद मिळाले. १८७७ मध्ये फ्रान्सिस चर्चचे आचार्य म्हणून घोषित झाले. दोघांचे अवशेष आन्सीच्या टेकडीवरील बॅसिलिकेत आहेत.

चार शतकांची वाटचाल

१६५४ मध्ये राणी मारी-लुईज यांच्या पुढाकाराने भगिनी पोलंडमध्ये वॉर्सा येथे पोहोचल्या. १७९९ मध्ये अमेरिकेत जॉर्जटाउन येथे व्हिजिटेशनच्या परंपरेतली शाळा सुरू झाली. ती आजही चालू आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत संघावर घाव पडला. १७९२ पासून घरे रिकामी करवली गेली, भगिनींची पांगापांग झाली, मालमत्ता लिलावात गेली. वादळ शमल्यावर उरलेल्या म्हाताऱ्या भगिनींनी एकेक घर पुन्हा उभे केले. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदच्या सात व्हिजिटेशन भगिनींना श्रद्धेसाठी प्राण द्यावे लागले. १९९८ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

संघाचे एक देणे आपल्या घरांपर्यंत आले आहे. १६७१ मध्ये पारे-ल-मोनियाल येथील व्हिजिटेशनमध्ये मार्गारेट मेरी आलाकोक यांनी प्रवेश घेतला. १६७३ ते १६७५ या काळात त्यांना येशूच्या हृदयाची दर्शने झाली. त्यातून पवित्र हृदयाची भक्ती जगभर पसरली. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पवित्र हृदयाची तसबीर असते, पहिल्या शुक्रवारची मिस्सा होते, त्यामागे आन्सीच्या बिशपांनी घातलेल्या या परंपरेचा धागा आहे.

प्रवेशाच्या त्या कलमाचे फळ पाहायचे असेल तर लेओनी मार्तेन यांच्याकडे पाहावे. लिझ्यूच्या संत तेरेजा यांची ही बहीण लहानपणापासून आजारी, अभ्यासात मागे आणि हट्टी होती. बाकीच्या चौघी बहिणी कार्मेलमध्ये गेल्या. लेओनी एकदा क्लारा संघातून आणि दोनदा व्हिजिटेशनमधूनही परतल्या. १८९९ मध्ये कां शहरातल्या व्हिजिटेशनने त्यांना पुन्हा घेतले आणि १९४१ मध्ये देहान्त होईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. आज त्यांच्या संतपदाची प्रक्रिया चालू आहे. ज्या मुलीला कुठेच जागा नव्हती, तिला या घराने चौथ्या खेपेला जागा दिली.

थांबलेले काम पुढे गेले

घरोघरी जाऊन सेवा करण्याचा फ्रान्सिस यांचा पहिला विचार वाया गेला नाही. पॅरिसच्या व्हिजिटेशनची देखरेख १६२२ पासून संत व्हिन्सेंट द पॉल यांच्याकडे होती. लियोंला काय घडले हे त्यांना ठाऊक होते. १६३३ मध्ये त्यांनी लुईज द मारियाक यांच्यासह सेवाभावी कन्यांचा संघ सुरू केला, तेव्हा त्या भगिनींना बंदिस्त कॉन्व्हेंटच्या चौकटीत अडकू न देण्याची त्यांनी काळजी घेतली. १६५० मध्ये ल पुई येथे जेझुइट फादर मेदाय आणि तिथले बिशप आंरी द मोपा यांनी संत जोसेफ यांच्या भगिनींचा संघ स्थापन केला. हे बिशप मोपा मदर शांताल यांचे चरित्रकार. जो विचार आन्सीत अडला होता तो त्यांनी ल पुईत मार्गी लावला.

त्यातूनच आपल्याकडे वाट येते. १८३८ मध्ये फादर पियेर-मारी मेर्मिये यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ स्थापन केला. १८४५ मध्ये हे धर्मगुरू विशाखापट्टणमच्या मिशनसाठी भारतात आले आणि १८४९ मध्ये आन्सीच्या संत जोसेफ भगिनी यानमला उतरल्या. त्या मिशनचा विस्तार मध्य भारतापर्यंत होता. १८८७ मध्ये नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि अलेक्सी रिकाझ त्याचे पहिले बिशप झाले. नागपूरचे कॅथीड्रल, १८७० मध्ये सुरू झालेली शाळा आणि सेमिनरी हिल्सवरचे महाविद्यालय या तिन्हींवर संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव आहे. ‘एसएफएस’ ही अक्षरे विदर्भातल्या हजारो घरांत आदराने उच्चारली जातात. मुलामुलींना शिकवणारे हात त्या परंपरेतले आहेत, जिची पहिली पावले आन्सीच्या गल्ल्यांत पडली होती.

या इतिहासाचा आजचा अर्थ

संस्था जुनी झाली की तिचे नियम बहुधा सोयीकडे झुकतात. हुशार विद्यार्थी, निरोगी उमेदवार, फी भरू शकणारे पालक आणि लवकर बरे होणारे रुग्ण घेतले की निकाल चांगला लागतो आणि अहवाल छान दिसतो. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी नेमके उलट केले. इतरांनी नाकारलेल्यांना त्यांनी पहिल्या दिवशी आत घेतले. काम बदलावे लागले तेव्हा काम बदलले, ती माणसे मात्र बाहेर काढली नाहीत. त्या माणसांनीच पुढे संघ चारशे वर्षे चालवला, क्रांतीत मोडलेली घरे पुन्हा बांधली आणि चर्चला संत दिले.

त्यांच्या नावाने चालणारी प्रत्येक शाळा, प्रत्येक दवाखाना आणि प्रत्येक कॉन्व्हेंट यांनी वर्धापनदिनी एक प्रश्न स्वतःला विचारावा: या वर्षी आपण कोणाला परत पाठवले? त्या यादीत दुबळे, उशिरा आलेले आणि पुन्हा पुन्हा हरलेले असतील तर पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची सुरुवात त्यांच्यापासून करावी. संस्थापकांना वाहिलेली याहून खरी आदरांजली दुसरी नाही.